मधल्या हिवाळ्याचे चांदवे

आरेखकाने एन्टर दाबलं आणि पडद्यावर तळं भरलं. तळाशी चांदव्यांचा करडा थर, त्यावर थापट्यांचा हिरवा, मग तलवार बदकांचा तपकिरी, चक्रवाकांचा नारिंगी आणि अगदी वर टिबुकल्यांची पातळशी पिवळी किनार. पाच जातींचे पाणपक्षी, पाच रंग आणि डावीकडून उजवीकडे वीसेक हिवाळे. जन्मभर त्याने पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले होते. तिथे एकेका पट्ट्यात रंग भरायचा तर श्वास रोखून बसावं लागे. इथे दोन शब्द लिहिले की यंत्र रेघेबाहेर तसूभरही न जाता रंग भरून मोकळं होत होतं. त्याला आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला.

शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या भाचीने मान डोलावली. ती रुग्णालयात नोकरीला होती, रोग्यांच्या आकड्यांचे आलेख करायची, आणि ज्या भाषेत करायची तिचं नाव होतं आर. एका अक्षराची भाषा ती काय असणार, असं म्हणत आरेखकाने उन्हाळ्यात ती शिकायला घेतली होती, आणि पहिल्याच आठवड्यात एका विसरलेल्या स्वल्पविरामाने त्याला दुपारभर रडकुंडीला आणलं होतं. तेव्हापासून भाची दर रविवारी येई, त्याच्या चुका काढी आणि चहा पिऊन जाई. लहानपणी पाढे शिकवताना याच मामाने तिचे कान पिळले होते, त्यामुळे शिकवण्यात ती जरा जास्तच रमत असे.

“सगळ्यात खालच्याचा आकार खरा दिसतो,” ती पडद्यावर बोट फिरवत म्हणाली. “वरच्यांना खालच्यांचे चढउतार सोसावे लागतात. ही वरची टिबुकली बघ. बिचारी इतकी वर्षं जागची हललेली नाही, पण नुसत्या उड्या मारतेय असं वाटतं.”

“एकत्र कुटुंबासारखं आहे म्हणजे.”

भाची हसली, आणि हसता हसता तिचं बोट एका जागी थांबलं. आलेखाच्या उजव्या भागात एका ठिकाणी पाचही रंगांच्या कडा एकदम सरळ झाल्या होत्या. आधी सगळा डोंगराळ मुलूख, पुढेही डोंगराळ मुलूख, आणि मधला तुकडा पट्टी ठेवून आखल्यासारखा.

“मामा, पक्षी असे वागत नाहीत.”

आरेखकाला कारण माहीत होतं. आकड्यांच्या फाइलीत त्या हिवाळ्याची ओळच नव्हती, कारण त्या हिवाळ्यात मोजणीच झाली नव्हती. तो कोणता हिवाळा, हे भाचीच्याही लक्षात आलं. त्याच वर्षी मामी घर सोडून गेली होती.

मग भाचीने, आवाज मुद्दाम शिक्षिकेचा ठेवून, त्याला तीन वाटा दाखवल्या. ओळ नसली की यंत्र अलीकडच्या वर्षापासून पलीकडच्या वर्षापर्यंत सरळ रेघ ओढतं आणि खाली बेधडक रंग भरतं. ही एक. तिने त्या वर्षासमोर शून्यं टाकून दाखवली, तर अख्खं तळं खड्ड्यात कोसळलं आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वर आलं. सगळे पक्षी एका वर्षी मेले आणि पुढच्या वर्षी उठून बसले, असं ते चित्र सांगत होतं, आणि ते पहिल्यापेक्षाही खोटं होतं. तिसरी वाट म्हणजे आधीच्या हिवाळ्यांचा एक गट करायचा, नंतरच्यांचा दुसरा, आणि मध्ये जागा कोरी सोडायची. तसं केल्यावर रंगांच्या मधोमध एक पांढरी फट दिसू लागली.

“हे त्यातल्या त्यात खरं,” भाची म्हणाली. “माहीत नाही ते माहीत नाही.”

आरेखकाला ती फट बघवेना. पक्षिमित्र मंडळाच्या वार्तापत्राच्या मुखपृष्ठावर हा आलेख छापला जाणार होता, आणि संपादकांना तो बुधवारपर्यंत हवा होता. मुखपृष्ठावर पुढचा दात पडल्यासारखं दिसेल, असं तो कुरकुरला.

“नाहीतर मामीला विचार,” भाची म्हणाली. लहान तोंडी मोठा घास घेतल्यासारखं तिचं तिलाच वाटलं असावं, कारण ती लगेच कपबशा उचलून आत गेली आणि बराच वेळ त्या विसळत राहिली.

मंडळात मामीला सगळे घार म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि स्वतःचे डोळे मात्र असे, की पलीकडच्या काठावरचा चांदवा कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट तिला साध्या नजरेने दिसे. आरेखकाला चार हातांवरचा माणूस ओळखायला चष्मा लागायचा. त्यामुळे कामाची वाटणी कधी बोलून ठरवावीच लागली नाही. हिवाळ्यातल्या दर रविवारी सकाळी ती तळ्याच्या बांधावर दुर्बिणीला डोळा लावून बसे आणि आकडे बोले. तो तिच्या पाठीशी बसून ते लिही.

हे काम एकट्याचं नव्हतंच. चांदवे सारखे बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात. मोजणाऱ्याने लिहायला मान खाली घातली की मोजलेले आणि न मोजलेले यांचा काला होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून डोळा दुर्बिणीवरून काढायचा नाही आणि लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. थवा हलला तर ती नुसतं ‘थांब’ म्हणे, आणि तो पेन्सिल कागदावर टेकवून तिच्या पुढच्या आकड्याची वाट बघत राही. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या दोघांचं जे काही उत्तम जमलं, ते त्या बांधावर.

पण आरेखकाला पडताळ्याची खोड होती. गॅस बंद आहे का, हे तो बायकोने बंद केल्यावर बघे. कुलूप ती लावी आणि ओढून तो पाही. नकाशाच्या खात्यात या गुणाचं कौतुक झालं होतं, आणि माणसाला वाटतं की जे खात्यात चाललं ते घरीही चालेल. शेवटच्या हिवाळ्यात तिने थापट्यांचा एक आकडा सांगितला तेव्हा तो पेन्सिल हवेत धरून म्हणाला, की गेल्या वर्षी याच्या निम्मेही नव्हते, नक्की ना? घारीने दुर्बिणीवरून डोळा काढला. मोजणी चालू असताना तिने डोळा काढलेला त्याने पहिल्यांदाच पाहिला. मग तूच बघ, एवढं म्हणून ती बांधावरून चालत गेली.

एवढ्याशा गोष्टीवरून कोणी घर सोडत नाही, हे उघड आहे. पण पेला काठोकाठ भरलेला असला की सांडायला थेंबही पुरतो. पावसाळा संपता संपता ती दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. घटस्फोट दोघांपैकी कोणीच मागितला नाही. त्याबद्दल कोणी विचारलं तर आरेखक म्हणे की वेळच झाला नाही. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली होती.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो तळ्याकडे फिरकला नाही. तळं तिला राहू दे, निदान तिथे तरी तिला आपलं तोंड दिसू नये, असं त्याने ठरवलं आणि आपण मोठ्या मनाने वागलो असं समजून रविवार घरात काढले. घार मंडळाच्या बैठकांनाही येईनाशी झाली, तेव्हा तिने सगळंच सोडलं असं त्याने धरलं. पुढच्या वर्षीपासून तो पुन्हा बांधावर जाऊ लागला. दुर्बिणीला डोळा तो लावी, लिहायला संपादक बसत. संपादक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि आकड्यांच्या मध्ये त्यांना बरंच काही आठवत असे.

भाची गेल्यावर आरेखकाने संपादकांनाच फोन केला. मुखपृष्ठावर एक फट येणार, तेवढी चालवून घ्या, असं सांगायचा त्याचा विचार होता.

“फट कशाला?” संपादक म्हणाले. “त्या वर्षी घार होती की बांधावर. मी रोजच फिरायला जायचो तिकडून. दर रविवारी बसलेली असायची हातात दुर्बीण घेऊन. तिच्याकडे असणार आकडे. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

त्याला ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर तो खोलीतल्या खोलीत उगाच फिरला, खिडकी उघडली, लावली. आपण घरात बसून राहिलो आणि ती तिथे होती, हे त्याला पचेना. सहा वर्षं त्याला तिला फोन करायचा होता आणि सहा वर्षं काही निमित्त सापडत नव्हतं. नुसतं ‘कशी आहेस’ विचारायला फोन करणं त्याच्याच्याने झालं नसतं. त्याला तिचा आवाज ऐकायचा होता, आणि तोही कसा, तर बांधावरचा, नाव आणि आकडा एवढंच बोलणारा. काही रात्री झोप लागता लागता तो ‘थांब’ ऐकू आल्यासारखा दचकून जागा होई. आता निमित्त चालत घरी आलं होतं, तेही वार्तापत्राचं काम म्हणून. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, तशातली गत झाली. त्याने दुकानाचा नंबर लावला.

“बोला, चष्मा उद्या मिळेल,” घार म्हणाली.

“मी बोलतोय.”

पलीकडे तिने कोणाला तरी शेवटची ओळ वाचायला सांगितली, आणि गिऱ्हाईकाने ती अडखळत वाचलेली त्याला ऐकू आली.

“बोल,” ती म्हणाली.

त्याने सगळं घाईघाईने सांगून टाकलं. आर, आलेख, मुखपृष्ठ, राहिलेला हिवाळा. मध्येच तो यंत्र रंग कसा भरतं ते सांगू लागला आणि तिने ते ऐकून घेतलं. शेवटी तो मुद्द्यावर आला. ती त्या वर्षी बांधावर असायची असं कळलं, तर तिच्याकडे आकडे आहेत का?

“कोण म्हणालं?”

“संपादक.”

“त्यांना दुसरा उद्योग नाही.” ती थांबली. दुकानाचं दार उघडल्याचा, कोणी आत आल्याचा आवाज झाला. “आहेत. म्हणजे असतील. शोधावे लागतील. उद्या सकाळी फोन कर, दुकान उघडायच्या आधी.”

सकाळी त्याने पेन्सिलीला टोक केलं. आकडे थेट यंत्रात टाकता आले असते, पण त्याने कागद घेतला. फोन कानाशी धरून तो खिडकीशी खुर्चीत बसला आणि आपण पाठीला पाठ लागेल अशा बेताने जरा वाकडे बसलोय, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

घारीने आधी इकडचं तिकडचं विचारलं. दुर्बिणीचा स्टँड अजून लंगडतो का? लंगडतो, पायाखाली पुठ्ठा घालतो, असं तो म्हणाला. संपादक लिहिताना अजून बोलतात का? फार. त्या वर्षी धुकं किती होतं ते तिने सांगितलं. पलीकडचा काठ दिसायचाच नाही, आवाजावरून ओळखायचं. मग कागद सरकवल्यासारखी खसखस झाली आणि तिचा आवाज बदलला. सगळी क्रियापदं गळून गेली.

“चांदवे.”

तो वाट पाहत राहिला.

“थांब,” ती म्हणाली. खोलीत इतकी शांतता होती की त्याला तिचा श्वास ऐकू येत होता. “एकशे एकोणचाळीस.”

त्याने लिहिलं. थापट्यांपाशी ती आणखी वेळ थांबली, मग चोपन्न म्हणाली. तलवार बदकं सांगताना तिने एकदा आकडा बदलला, जसा ती एखादं बदक लव्हाळ्याआडून निघालं की बदलायची. प्रत्येक आकड्यापूर्वी तोच ‘थांब’ येत होता आणि आरेखकाला वाटत होतं की हे असंच दुपारपर्यंत चालावं. ‘नक्की ना’ त्याच्या ओठांवर आलं नाही असं नाही, पण त्याने ते गिळलं. मोजण्यासारख्या पाचच जाती या तळ्यावर उतरतात, याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं. टिबुकल्या संपल्या, तिच्या दुकानाच्या शटरवर कोणीतरी थाप मारली, आणि बरं, ठेवते, म्हणून तिने फोन ठेवला.

त्याने चहा केला, प्यायला, मग पडद्यासमोर बसून फाइलीत तिची ओळ भरली. पाच आकडे पाच खणांत टाकले, फाइल जतन केली आणि फट असलेला नव्हे तर पहिला, सलग आलेख पुन्हा काढायला सांगितला.

चित्र तेच आलं.

मधला तुकडा जसाच्या तसा, पट्टीने आखल्यासारखा. यंत्राने जुनीच फाइल वाचली, हे उघड होतं. या चुकीबद्दल भाचीने त्याला दहादा बजावलं होतं. त्याने फाइल पुन्हा वाचायला लावली. चित्र तेच. त्याने सगळं बंद करून पुन्हा उघडलं. तेच. मग चांदव्यांचा करडा बदलून जांभळा केला, आणि चांदवे निमूटपणे जांभळे झाले. म्हणजे यंत्र त्याचं ऐकत होतं. आता त्याने नळदुरुस्तीवाल्याची युक्ती केली. तिच्या ओळीत एक भलताच मोठा आकडा टाकून पाहिला. त्याबरोबर मधल्या हिवाळ्यात डोंगराएवढा सुळका उभा राहिला. यंत्र फाइल नीट वाचत होतं. त्याने सुळका काढून तिचा आकडा परत टाकला आणि तुकडा पुन्हा सरळ झाला.

तो मागे टेकून बसला. मग त्याच कागदावर, तिच्या आकड्यांखाली, त्याने अलीकडच्या हिवाळ्याचे चांदवे लिहिले, पलीकडच्या हिवाळ्याचे लिहिले, बेरीज केली आणि निम्मे केले. एकशे एकोणचाळीस. तलवार बदकांचंही तेच. चक्रवाकांचंही. थापट्यांच्या निम्म्यात अर्धा पक्षी उरत होता, तिथे तिने तो पूर्ण करून दिला होता. तेवढ्यापुरती हिरवी कड आणि तिच्यावरच्या कडा सरळ रेघेपासून केसभर वर गेल्या होत्या, आणि इतका वेळ ते त्याला दिसलंच नव्हतं.

यंत्राने न बघता जी रेघ ओढली होती, तीच तिने त्याला तोंडी सांगितली होती.

पहिल्यांदा त्याला राग आला. धडधडीत खोटे आकडे, तेही छापायला. त्याच्यातला जुना आरेखक खुर्चीतून उठून उभा राहिला, पेन्सिल आपटून पुन्हा बसला. मग त्याला ते ‘थांब’ आठवले. लव्हाळ्याआडून कोणी निघत नव्हतं, थवा हलत नव्हता. घार टेबलाशी बसून बेरजा करत होती. आकडेमोडीत ती पहिल्यापासून कच्ची, दुकानाचा हिशेबही दुसऱ्याकडून करून घेणारी. म्हणून तर एवढा वेळ लागत होता.

आणि निम्मे काढायला दोन आकडे हातात लागतात. अलीकडचे तिनेच सांगितलेले होते, ते तिच्या लक्षात असतील. पलीकडचे मात्र ती गेल्यानंतरचे, त्याने एकट्याने दुर्बिणीतून मोजलेले, आणि ते छापून आले होते फक्त मंडळाच्या वार्तापत्रात. म्हणजे वार्तापत्र तिच्याकडे जात होतं. जात होतं आणि ती ते ठेवत होती. रात्रभराची सवड मागून तिने शोधलं ते हे.

त्याला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही, हसू मात्र आलं. मग तेही गेलं आणि तो बराच वेळ पडद्यावरच्या त्या सरळ तुकड्याकडे बघत राहिला. धुक्यात ती बांधावर बसली असेल. चांदवे दिसले असतील. तोंडातून आकडाही निघाला असेल, सवयीने, मोठ्याने, आणि लिहून घ्यायला मागे कोणी नव्हतं. मागे कोणी येणार नाही हे एका रविवारी कळल्यावर माणूस परत येत नाही. ती दर रविवारी आली होती. आणि तो मोठ्या मनाने घरी बसला होता.

दुपारी त्याने तिची ओळ काढून टाकली. हिवाळ्यांचे दोन गट केले, चांदवे पुन्हा करडे केले, आणि मध्ये फट असलेला आलेख संपादकांना पाठवून दिला. तासाभरात त्यांचा फोन आला.

“अहो, हे भोक तसंच राहिलं.”

“त्या वर्षी मोजणी झाली नाही.”

“पण घार होती की.”

“होती,” आरेखक म्हणाला. “मोजणी झाली नाही.”

संपादक काहीतरी पुटपुटले. खाली एक ओळ टाकतो, मोजणी उपलब्ध नाही अशी, म्हणाले. आरेखकाने होकार दिला. खरं तर आता त्या आलेखात त्याचा जीव राहिला नव्हता. संध्याकाळी भाचीने फोनवर विचारलं, की मामीने आकडे दिले का? दिले, तो म्हणाला. मग लावलेस का? नाही. भाची हुशार मुलगी होती. तिने पुढे विचारलं नाही, आणि न विचारल्याबद्दल त्याने मनातल्या मनात तिला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, त्याने पुन्हा नंबर लावला. काय बोलायचं ते रात्री चार तऱ्हांनी ठरवून झालं होतं. कळलं असं सांगावं, की कळलंच नाही असं दाखवावं, की रागावल्याचं सोंग करावं? तिने पहिल्याच घंटेला फोन उचलला, त्यामुळे ठरवलेलं सगळं विसरून गेलं.

“लागले आकडे?” घारीने विचारलं.

“आलेख कालच पाठवला.”

“कसा दिसतो?”

“मध्ये फट आहे.”

खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, ती दोघांपैकी कोणाच्या बाजूची हेही कळलं नाही. आपण बोलून बसलो, आता ती फोन ठेवेल आणि पुन्हा सहा वर्षं जातील, अशी धास्ती आरेखकाला वाटली.

“चांदव्यांचा आकडा नीट ऐकू आला नव्हता,” तो म्हणाला. “परत सांगतेस?”

“एकट्या चांदव्यांचा?”

“नाही. पहिल्यापासूनच सांग.”

“आलेख तर गेला ना?”

“गेला.”

“मग आता कशाला?”

“लिहून घेतो.”

पलीकडे कागदांची खसखस झाली, जराशी, आणि ती थांबली. खुर्ची सरकली. खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि तिच्या बाजूच्या सकाळचे आवाज एकदम फोनमध्ये शिरले. आरेखकाने पेन्सिल कागदावर टेकवली.

“चांदवे,” घार म्हणाली.

या वेळी ती थांबली नाही. तिने लगेच एक आकडा सांगितला, कालच्या कितीतरी पट मोठा. ते तळं दुप्पट असतं तरी एवढे चांदवे त्यावर मावले नसते. ‘नक्की ना’ न विचारता त्याने तो आकडा लिहून घेतला आणि पुढच्याची वाट पाहू लागला.